बिअरसाठी बारके ओंडके

आमच्या आरागिरणीच्या कुंपणाच्या आत काडी पेटवायला बंदी होती. बिडी नाही, चूल नाही, देवापुढे उदबत्तीसुद्धा नाही. सागाचे ओंडके, चिरलेल्या फळ्या आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त भुसा. पायाखाली भुसा, केसांत भुसा, भातात भुसा. अख्ख्या आवारात आग एकाच जागी, बॉयलरच्या पोटात, आणि तिला लोखंडी दार. बाकी सगळ्यांच्या चुली कुंपणाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. फोरमनसाहेबांचा बंगला आवारात होता, पण त्यांचं स्वयंपाकघरही ओढ्यापलीकडेच. जेवण डब्यातून यायचं आणि येता येता गार व्हायचं.

हे आधी सांगितलं नाही तर एका बाईला घरी बिअर करायला विजेचे रॉड कशाला लागावेत ते कळायचं नाही.

गिरणी आलापल्लीच्या जंगलात होती. पन्नास-पंचावन्नच्या मधली वर्षं. तेव्हा आमची राजधानी नागपूर आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणायचे. मी गिरणीत वायरमन होतो. म्हणजे वायरमनचं काम करायचो. मूळचा माणदेशातला. शाळा सहावीत सोडली. कोणी विचारलं तर गरिबी म्हणून सांगतो, पण खरं कारण अपूर्णांक. पावणेदोनातून सव्वा वजा करायची वेळ आली आणि मी जो वर्गातून उठलो तो थेट जत्रांमध्ये दिव्यांच्या माळा लावणाऱ्या एका उस्तादाच्या गाडीवर जाऊन बसलो. त्या गाडीबरोबर फिरत फिरत नागपूरला आलो, तिथून कोणीतरी म्हणालं जंगलात गिरणीला वीजवाला पाहिजे, आलो. आमच्या आरेवाल्या मंडळींच्या लेखी वर्ध्याच्या पलीकडचं सगळं पुणं होतं, म्हणून त्यांनी माझं नाव पुनेकर ठेवलं. पुणं मी तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं.

फोरमनसाहेब म्हणजे रेल्वेच्या इंजिनांवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले अँग्लो-इंडियन गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "सर्टिफिकेट?"

"गावी आहे."

"मँगवा लो."

"हो साहेब."

ते सर्टिफिकेट मी दोन वर्षं मागवत होतो. कधी मामा आजारी, कधी पेटीची किल्ली हरवलेली. साहेब प्रत्येक वेळी मान डोलवायचे. सर्टिफिकेट नाही म्हणून मी कच्चा. कच्च्याला क्वार्टर नाही. झोपायला डायनॅमोची खोली.

साहेबांच्या बायकोला सगळे मेमबाई म्हणत. जाड, घामेजलेल्या, डोक्याला कायम रुमाल, रेल्वेची हिंदी आणि ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. पहिल्याच पावसाळ्यात मला जंगलाचा ताप आला तेव्हा या बाईनं मला डायनॅमोच्या खोलीतून उचलून आपल्या मागच्या व्हरांड्यात टाकलं आणि अकरा दिवस कोयनेल आणि पेज पाजली. मी तापात आईला हाका मारायचो आणि ही ओ द्यायची. त्यामुळे मेमबाईंनी काही सांगितलं की ते जमणार नाही असं म्हणायला माझी जीभ वळायची नाही. जमणार आहे की नाही हे माहीत नसलं तरी.

मेमबाई दर नाताळला घरी बिअर करायच्या. रेल्वे कॉलनीत शिकलेली विद्या. जव भिजवून त्याला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, ते गरम पाण्यात मुरवून गाळायचे, आणि त्या गोड पाण्यात कलकत्त्याहून डब्यात आलेली कसलीशी कडू वाळकी फुलं घालून बराच वेळ उकळायचं. मग निववून खमीर टाकायचं आणि बरण्यांत भरायचं. घरापुरतं करायचा कसलासा कागद साहेबांकडे होता. हे सगळं ओढ्यापलीकडच्या चुलीवर व्हायचं. पण आदल्या वर्षी मेमबाईंनी उकळलेला रस निवायला ठेवला आणि पहाटे जाऊन बघतात तो हंडा आडवा आणि भोवती अस्वलाची पावलं. त्यांना नाताळ कोरडा गेल्याचं दुःख कमी, आणि त्या अस्वलाला तो रस खमिराशिवायच आवडला याचा राग जास्त.

"इस साल कंपाउंड के अंदर पकायेगी," त्या म्हणाल्या. "बिजली पर. तू रॉड चुन के ला."

साहेब आरामखुर्चीत बसले होते. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "क्रिसमस पे बिअर टेबल पर आया, और जला हुआ नहीं निकला, तो मैं मालिक को लिखेगा. इसको पक्का करो, क्वार्टर दो."

आता माझी अडचण सांगतो. मी घरी पत्रात आधीच लिहून बसलो होतो की मी पक्का झालो आणि मला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. खोली नाही म्हटल्यावर सासरे मुलीला पाठवत नव्हते. मग एका अशक्त क्षणी मी ते क्वार्टर पत्रातच बांधून टाकलं. परसात पेरूचं झाडही लावलं. आणि आता उत्तर आलं होतं, की मार्गशीर्षात मेहुणा तिला घेऊन निघतोय.

म्हणून साहेबांचं बोलणं ऐकून मी आधी घाबरलो आणि मग पत्राचं सांगून टाकून मेमबाईंच्या पायाच पडलो. "अरे उठ उठ," त्या म्हणाल्या, "अभी तो पानी भी गरम नहीं हुआ."

लाकडाच्या ट्रकवर बसून आष्टीपर्यंत, तिथं नावेनं वैनगंगा ओलांडून पुढे दुसरा ट्रक, असं करत मी चांद्याला पोचलो. परकोटाच्या आत विजेच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदारानं पाणी तापवायचे तीन तऱ्हेचे रॉड काढून फळीवर मांडले. लहान, मधला आणि एक आखूड पण मनगटाएवढा जाड.

"काय तापवायचं हाये?"

मला बिअर म्हणायची लाज वाटली. "पाण्यासारखंच आहे."

"किती?"

"दोन घागरी."

"मंग मोठा न्या. मोठ्याची तक्रार घिऊन आजवर कोनी आला नाई."

भित्र्या माणसाला मोठी वस्तू दिली की धीर येतो. कमी पडायला नको, या एका विचारानं मी तो जाडा रॉड घेतला आणि परतीच्या वाटेवर तो लेकरासारखा मांडीवर धरून बसलो. त्यावर दोन हजार वॉट लिहिलं होतं. दोन हजार! माझ्या घरी कोणाजवळ दोन हजार काहीच नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण अजून आठवलं की मान खाली जाते. मेमबाईंनी आठ दिवस खपून तयार केलेलं ते जवाचं दाट गोड पाणी तांब्याच्या हंड्यात ओतलं, मी रॉड सोडला, बटण दाबलं. काय रॉड होता! हात मागे घेईपर्यंत तडतडायला लागलं. मेमबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी आरेवाल्यांकडे असं बघितलं की जणू वीज मीच शोधली. मग वास आला. गूळ करपल्यासारखा. रॉड वर काढला तर त्याला बोटभर काळा खरपुडा धरलेला, आणि हंड्यातलं सोनेरी पाणी काजळाच्या रंगाचं. आखूड रॉडची सगळी आग वीतभर जागेत. त्याला चिकटलेली साखर जागच्या जागी जळत गेली.

मेमबाईंनी चमच्यानं चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाल्या, "कोई बात नहीं." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरात आता एकच पिशवी जव उरले होते. म्हणजे एकच डाव.

आमचे मोठे मिस्त्री, म्हणजे करवतीवरचे मुख्य, हे सगळं लांबून बघत होते. आष्टीकडचे, घरची थोडी धानाची शेती आणि तळ्यातली मासेमारी. पण लाकूड बघून आतली गाठ सांगणारा माणूस. संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले.

"काऊन रे पुनेकर, तोंड काऊन पाडलं?"

"जळलं मिस्त्रीभाऊ."

"तं मंग मायी बायको काय करते ते पाह्य ना जाऊन. थे मोहाची राब आटवते. आजपर्यंत एक मडकं नाई जाळलं. मले रोज जाळते, पन मडकं नाई."

ओढ्यापलीकडे मिस्त्रीबाईंची चूल. मोहाची फुलं उकळून, पिळून, त्याचा रस त्या काकवीइतका दाट आटवत. ती राब. त्या चुलीकडे बघून मी जरा चकितच झालो. जाळ नव्हताच. पसरट मडकं, खाली लांबट चर खणलेला, आणि चरभर निखारे सारखे अंथरलेले, जसं काही कोणी धान वाळत घातलंय.

"बाई, जाळ नाही घालत?"

"गोडाले जाळ कायले पाह्यजे?" त्या म्हणाल्या. "गोड एका जागी बसते अन् करपते. आग पसरून द्यावं लागते बावा. जागा मोठी, आग बारकी. घाई असन तं पानी उकळा, राब नोका उकळू."

"वेळ लागत असेल."

"लागते ना. मंग? कुठी जायाचं हाये तुमाले?"

मला जायचं कुठेच नव्हतं. माझ्याकडेच येणार होतं कोणी. पण उठताना डोक्यात दिवा लागला, आणि तो अगदी जत्रेतला. उस्तादाच्या हाताखाली आम्ही माळेतले दिवे एकाच्या शेपटीला दुसरा असे जोडायचो. दोन मोठे दिवे असे एका ओळीत जोडले की दोन्ही मंद लाल जळतात, हात लावला तरी पोळत नाहीत. एकट्या दिव्याला मिळणारी वीज दोघांत वाटली जाते. मग रॉडचं काय वेगळं? एक जाडा रॉड भडकवण्याऐवजी मधल्या मापाचे चार घ्यायचे, दोन-दोनच्या ओळीत बांधायचे. चारही मंद तापतील, हंडाभर पसरतील. नंतर साहेबांनी कागदावर मांडून दाखवलं की दोघांच्या ओळीत प्रत्येकाची उष्णता निम्मी नाही, पाव होते. म्हणजे अपूर्णांक! ज्याच्या भीतीनं शाळा सोडली तो इथं दोनशे कोसांवर हंड्यात येऊन बसला होता.

पुन्हा चांद्याला. दुकानदारानं माझ्या हातातला खरपुडा खरवडलेला रॉड बघितला.

"आजवर कोनी आला नव्हता," तो म्हणाला. "तुमी पह्यले."

"हा घ्या आणि मधल्यातले चार द्या. लांब वळशाचे."

"चार? हत्तीले आंघोळ घालून राह्यले काय?"

आलापल्लीकडे लाकडं ओढायला हत्ती असत, तेव्हा त्याची शंका वावगी नव्हती. पण मी यावेळी घाई केली नाही. त्याच्याकडे तसले सात रॉड होते. मी सातही मागितले, एकाच मापाची बादली भरून एकेक बुडवून बघितला. ओळीत जोडायचे तर जोडीदार सारखे पाहिजेत. एक निबर आणि एक मऊ असला की निबराच्या अंगावर सगळं येतं आणि तोच करपवतो. दोन रॉडना पाणी लवकर तापलं, एकाला उशीर. ते बाजूला ठेवले. उरलेले चार अगदी सख्खे भाऊ. नळीवर सांधा कुठे उघडा नाही ना हे नखानं तपासलं, वळसा सैल, लांब आणि दोन नळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट, म्हणजे भरड अडकून बसणार नाही. दुकानदार गल्ल्यावर हनुवटी टेकून बघत होता. शेवटी म्हणाला, "पोरगी पाहाले आले तरी इतकं नाई पाहात कोनी."

दुसऱ्या डावाला एक अडचण अजून होती, आणि ती फक्त आमच्याच गिरणीत असू शकते. आमचा डायनॅमो आणि करवत एकाच वाफेच्या इंजिनावर, एकाच दांड्यावर पट्ट्यानं फिरायचे. दिवसा दिवे बंद, म्हणून वीज मोकळीच असायची. पण करवतीत जाडा ओंडका शिरला की इंजिन कण्हायचं, डायनॅमो मंदावायचा आणि वीज उतरायची. ओंडका बाहेर पडला की सगळं मोकाट सुटायचं. दिवा असेल तर नुसता मिचकावतो. हंडा असेल तर कधी थंड पडणार, कधी उतू जाणार.

मी हे मिस्त्रींना सांगितलं. ते बराच वेळ बिनपेटवलेली बिडी चावत राहिले.

"म्हंजे बिअर उकळते तवर बारके ओंडके पाह्यजे."

"सारख्या मापाचे. म्हणजे वीज एकसारखी राहील."

"किती येळ?"

गिरणीत कोणाकडे घड्याळ नव्हतं. आम्ही वेळ ओंडक्यात मोजायचो. दोन ओंडक्यांनी जेवायची सुट्टी, पाच ओंडक्यांनी छुट्टी. मी म्हणालो, "उकळी यायला वीस बारके. उकळी आल्यावर आठ."

"मेमबाईसाठी अठ्ठावीस ओंडके," मिस्त्री म्हणाले. "दिले, जाय."

ठरलेल्या दिवशी सकाळी व्हरांड्यात मी सागाची कोरडी फळी टाकली, तीवर उभा राहिलो, हंड्याला तांब्याची तार बांधून जमिनीत पुरली आणि आधी साध्या पाण्यात रॉड चालू करून स्वतःचा हात घातला. मेमबाई डोळे मिटून उभ्या. झटका बसला नाही. मग रस ओतला आणि हंड्याला माझी गावची घोंगडी गुंडाळली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. चार रॉड दोन जोड्यांत सोडले. आणि काहीच झालं नाही. पहिल्या डावासारखं तडतडणं नाही, वाफ नाही.

"चालू है क्या?" मेमबाईंनी विचारलं.

"चालू आहे."

"दिखता तो नहीं."

"दिसलं तर करपतं मेमबाई."

पलीकडे बारके ओंडके एकामागून एक सुरळीत चिरले जात होते. सात झाले, बारा झाले. सतराव्याला हंड्याच्या कडेनं बारीक बुडबुडे आले आणि विसाव्याला अंगभर मऊ उकळी. मेमबाईंनी कडू फुलं टाकली. जंगलात कधी न आलेला वास आला, ओल्या गवताचा आणि औषधाचा मिळून. मी रॉड उचलून बघितला, नळी स्वच्छ. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. लग्नात धास्ती फार होती.

चोविसाव्या ओंडक्याला फाटकातून जीप आली. मालक.

मालक नागपूरला राहायचे आणि न सांगता यायचे. जीपमधून उतरले ते सरळ करवतीकडे. मला व्हरांड्यातून सगळं ऐकू येत होतं.

"मिस्त्री, एवढे मोठे ओंडके पडलेत आणि तुम्ही काड्या चिरत बसलात?"

"बारके आदी संपवून राह्यलो जी. मोठे कुठी पळून जाते?"

"तो घ्या बरं वरती." त्यांनी आवारातला सगळ्यात जाडा ओंडका दाखवला.

"तो? तो जरा ओला हाये जी."

"घ्या म्हणतो ना."

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत माफी होती. ओंडका चढला, करवत आत शिरली, इंजिनानं हंबरडा फोडला आणि हंड्यातली उकळी जागच्या जागी विझली.

"अरे मर गया!" मेमबाई ओरडल्या.

मला रडू येत होतं. पण नळ्यांवर काही बसत नव्हतं, रंग बदलत नव्हता. रस रुसल्यासारखा नुसता गप्प होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मनात म्हणालो, थांब, आता उलटं होणार. ओंडका सुटल्याचा आवाज आला, डायनॅमो उधळला आणि हंड्यात फेस वर वर चढायला लागला. मी एका जोडीची वायर खेचून काढली, मेमबाईंनी गार पाण्याचा हबका मारला. फेस काठापर्यंत आला, थबकला आणि खाली बसला. मी वायर परत लावली. उकळी पुन्हा आली, तशीच मऊ. जाड्या रॉडनं यात हंडा जाळला असता नाहीतर छताला लावला असता.

मालक तोवर वायरच्या मागोमाग चालत व्हरांड्यापर्यंत आले होते.

"हे काय आहे?"

"जौ का पानी," मेमबाई म्हणाल्या. "तबियत के लिए."

मालकांनी घोंगडी पांघरलेल्या हंड्याकडे बघितलं, चार रॉडकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "वायरमन तू? कुठवर शिकलास? कागद आहे ना?"

इतकी वर्षं मामा आणि किल्ली तोंडावर तयार असायचे. पण आताच सगळी भीती त्या हंड्यापाशी खर्चून झाली होती, नव्या थापेला शिल्लक उरली नव्हती. मी म्हणालो, "सहावी. कागद नाही. कधीच नव्हता."

साहेब आले होते, मालकांच्या मागे उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मालक रागावले नाहीत. तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "मग वायरमन म्हणून तुला पक्का करता यायचा नाही. नियम आहे. नाताळनंतर मी नागपूरहून कागदवाला माणूस पाठवतो." आणि जीपकडे गेले.

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मी दोन वर्षं खोटं बोललो."

"मालूम था," साहेब म्हणाले. "पहले बड़ा रॉड लाया तब मैं समझा, सर्टिफिकेट नहीं है. फिर चार लाया तब समझा, जरूरत भी नहीं है. सर्टिफिकेटवाला आदमी दूसरी बार भी बड़ा ही लाता." मग म्हणाले, "मगर मैंने बोला है, बिअर टेबल पर. पहले वो देखेगा."

उरलेले चार ओंडके मिस्त्रींनी बारके घेतले.

आठ दिवसांनी ट्रकवरून मेहुणा आणि माझी बायको उतरले. मेमबाईंनी मला एक शब्द न विचारता मागचा व्हरांडा आणि त्याला लागून असलेली खोली झाडून ठेवली होती. मेहुण्याला त्यांनी स्वतःच फिरवून दाखवलं. "यह इसका कमरा. यह इसका व्हरांडा." मेहुण्यानं विचारलं, "आणि पेरूचं झाड?" मेमबाई माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "अस्वलानं मोडलं." तो तिसऱ्या दिवशी समाधानानं परत गेला.

ट्रक दिसेनासा झाल्यावर मी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती खोलीतल्या बरण्यांकडे बघत ऐकत होती. बिअर तिथंच मुरायला ठेवली होती आणि बरण्यांच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यांखालून सारखं बुड् बुड् चालू होतं.

"म्हणजे खोली नाही," ती म्हणाली.

"आहे. आपली नाही."

"आणि नोकरी?"

"नाताळपर्यंत आहे."

"आणि नाताळला काय?"

मी बरण्यांकडे बोट केलं. "ह्याची चव."

आमच्याकडे घरात दारूचा थेंब चालत नाही. तिनं ओळखलं होतं आत काय आहे ते. मग तिनं पदर खोचला, एका बरणीचं फडकं ढिलं झालं होतं ते घट्ट केलं आणि म्हणाली, "मग ह्यात माश्या जाऊन कसं चालेल?"

त्यानंतर रोज सकाळी ती आधी बरण्या बघायची, मग मला. मेमबाई म्हणायच्या, माझ्या तीस वर्षांत एवढी शिस्तीची बिअर झाली नाही.

नाताळच्या दुपारी व्हरांड्यात टेबल मांडलं. साहेब कोटात होते. मिस्त्री आणि त्यांची बाई आलेली, मी दाराशी, माझी बायको दाराच्या आत. मेमबाईंनी साहेबांच्या पेल्यात ओतली. रंग पुरात गढूळ झालेली नदी निवळत येते तसा. वर दोन बोटं फेस. मिस्त्रींनी आपल्या पेल्यातले चार थेंब आधी भुईवर शिंपडले. त्यांच्याकडे जुन्यांना, म्हणजे गेलेल्या माणसांना, दिल्याशिवाय पीत नाहीत. मेमबाईंनी ते बघितलं आणि आपल्याही पेल्यातले शिंपडले. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

साहेबांनी घोट घेतला. खाली ठेवला. लांब कुंपणाकडे बघत राहिले. पुन्हा घोट घेतला. चेहरा असा, की त्यावरून इंजिनाचा दाबसुद्धा ओळखता आला नसता. पेला संपला. मग त्यांनी पेला मेमबाईंच्या समोर सरकवला.

मेमबाई माझ्याकडे वळून हसल्या. "दूसरा माँगा. तीस साल में मुँह से अच्छा कभी नहीं बोला. दूसरा माँगता है, बस."

मिस्त्री पेला उजेडात धरून म्हणाले, "चांगली हाये. पन मोहाची ताकद नाई."

"तुमाले ताकद कायले पाह्यजे," मिस्त्रीबाई म्हणाल्या, "ओंडके तं बारकेच चिरता."

त्याच संध्याकाळी साहेब कागद घेऊन बसले. अडचण तीच, वायरमन म्हणून नियम आडवा. मिस्त्रींनीच वाट काढली. बॉयलरमध्ये लाकूड घालणारा आगवाला मुलचेऱ्याकडे सासऱ्याची शेती करायला निघून गेला होता. जागा रिकामी होती आणि त्या जागेला कागद लागत नव्हता, दोन हात लागत होते. साहेबांनी लिहिलं की या माणसाला आगवाला म्हणून पक्का करावा, बॉयलरची लाकडं मी दुसऱ्याकडून टाकून घेईन आणि तारांचं काम हा करील, आणि नागपूरहून कोणाला पाठवायचा खर्च नको. शेवटची ओळ मालकांसाठी होती. जानेवारीत उत्तर आलं, मंजूर.

पुढची अकरा वर्षं मी हजेरीपटावर "आगवाला" या शब्दासमोर सही करत राहिलो. सगळ्या आवाराची वीज माझ्या हातात आणि बॉयलरचं दार मी चार वेळासुद्धा उघडलं नसेल. त्या हुद्द्याला दोन खोल्या नव्हत्या, आगवाल्यांच्या ओळीत एकच होती. तिची किल्ली घेऊन मी बायकोला दाखवायला नेलं आणि वाटेत तीनदा सांगितलं की खोली लहान आहे.

तिनं दार उघडलं, आत जाऊन चारी भिंतींवर हात फिरवला. मग मला बाहेरच उभं करून जमिनीवर आडवी झाली, डोकं एका भिंतीला टेकवलं आणि पाय ताणले. समोरची भिंत अजून हातभर लांब होती.

"पुरते," ती म्हणाली. उठून तिनं साडीला लागलेली माती झटकली आणि विचारलं, "पाणी कुठनं आणायचं?"